पत्ता सापडत नाही

संखच्या अलीकडं, बोर नदी अंग चोरून वळते तिथं,
वेड्या बाभळीच्या आत
आमच्या गावची रुद्रभूमी आहे.
आहे म्हणायचं. सातबाऱ्यावर नुसतं ‘पड’ लिहिलंय.

पोस्टातून निवृत्त झालो त्या मार्चात
कोयता, सुतळी, दोनशेपानी वही
आणि डब्यात ज्वारीचं पीठ घेऊन मी आत शिरलो.
चौतीस वर्षं लोकांची अक्षरं लावली होती:
पावसात फुटलेली शाई, मामाच्या नावानं टाकलेलं पाकीट,
‘मळ्याजवळ, लिंबाखाली’ एवढाच पत्ता.
दगडाचं काय अवघड?

अवघड होतं.
दगड पालथे पडलेले. एकावर कुणी चूल मांडून गेलेलं.
एक तर जागेवरच नव्हता,
तो पुढं श्रावणात सापडला,
इराप्पाच्या गोठ्यापाशी, धुणं धुवायला.
त्याच्या बायकोनं साबणाचा फेस बाजूला केला, म्हणाली,
ह्यावर पावलं होती बघा कोरलेली. मीच घासली.

सकाळी सातला ऊन आडवं येतं.
तेवढ्यात अक्षर उठतं, आठला परत झोपतं.
पिठाची मूठ टाकायची, तळहात फिरवायचा,
खाचेत पांढरं राहतं:
आधी एक कानडी वळण, मग ‘लिंगैक्य’,
मग शके, आणि आकड्यांच्या जागी दगडफूल.
मुंग्या मागून येतात,
मी वाचलेलं सगळं उचलून नेतात.

आमची माणसं आत आडवी नाहीत, बसलेली आहेत,
मांडी घालून, तळहातावर लिंग.
त्यामुळं वहीत रांगा पाडताना
हजेरी घेतल्यासारखं वाटायचं.
एकदा मी मोठ्यानं म्हणूनही गेलो, ‘पुढचा.’

मार्गशीर्षात गुरसिद्ध हेळवी आला.
त्याचा आजा बैलावर यायचा, हा टेम्पोतून.
कट्ट्यावर बसून आमच्या सात पिढ्या एका दमात:
बसगोंडाचा मलगोंडा, मलगोंडाचा थोरला निंगगोंडा,
धाकटा दुष्काळात विजापूरला, त्याला मूल नाही...
खोकला आला तेव्हाच थांबला.
मी वही काढली. चोपडीशेजारी वही.
जुळत गेलं.
निंगगोंडा: चौथी रांग, बाभळीच्या बुंध्यात.
दोघंही पोरांसारखे हसलो.

मग विचारलं, तिसऱ्या रांगेत वीतभर दगड आहे,
वर पाळणा, खाली ‘निंगगोंडाची शिवलिं’ एवढंच.
पुढचा टवका उडालाय.
त्याचं बोट पानावरून खाली गेलं, वर आलं.
‘पोरगी असंल. पोरी आमच्यात लिहीत न्हाईत.
सुना आल्या की माहेरचं आडनाव तेवढं.’

एकसष्ट दगड. त्यांतले बावीस बायकांचे,
नऊ वीतभर.
चहा तसाच निवला.

आई एकदाच बोलली होती, शेंगा फोडताना:
तुला एक थोरली आत्या होती, साथीत गेली.
मी आठ वर्षांचा. मला शेंगदाणे हवे होते.
नाव विचारलं नाही.

पोस्टात एक शिक्का होता, ‘पत्ता सापडत नाही’.
तो मारायच्या आधी मी तीन दिवस विचारत हिंडायचो,
पिठाच्या गिरणीत, पाणवठ्यावर, न्हाव्याकडं.
इथं विचारायला उरलेलं कोण?

गुरसिद्धनं दोन पायल्या ज्वारी घेतली,
टेम्पो चालू केला, बंद केला,
खाली उतरून माझंच पेन मागितलं.
‘शिवलिं... पुढं काय लिवू? गंगा? का अव्वा?’
मी म्हटलं, जेवढं दगडावर आहे तेवढंच.
त्यानं लिहिलं.
ओळीत नाही. कडेला, समासात.

इराप्पाचा दगड अजून गोठ्यापाशीच आहे.
उचलायला चौघं लागतात.
सध्या आम्ही दोघं आहोत,
मी आणि त्याची बायको.